फॅमिली हजर आहे

'फॅमिली' या शब्दाचे आमच्या घरात दोन अर्थ होते, आणि त्या दोन अर्थांची गाठ एका सकाळी पुण्यातल्या एका कचेरीत पडली म्हणून मी शाळा शिकले. पहिला अर्थ बाबांचा. ते पलटणीत नाईक होते, आणि फौजेत बायकोला बायको म्हणत नाहीत, फॅमिली म्हणतात. सुट्टीवर आल्यावर वाघोलीच्या स्टँडवर कुणी ओळखीचं भेटलं की बाबा आईकडे हात करून म्हणत, "ही आमची फॅमिली," आणि आई पदराचं टोक दातांत धरून उसाच्या गाड्यांकडे बघत राही. दुसरा अर्थ आमच्या घराचा. एका चुलीवर जेवतात ती सगळी फॅमिली. त्यात आजी, बाबांचे थोरले भाऊ आप्पा, काकू, त्यांची मुलं, आई, मी, आणि आप्पांना विचारलं असतं तर बहुधा म्हशीसुद्धा.

गाव वाघोलीच्या पुढे, रस्त्यापासून आत होतं. आता तिथे मान मोडेपर्यंत उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांना परदेशी बागांची नावं आहेत. आमच्या वेळी तिथे हरभरा होता. पहाटे म्हशींच्या साखळ्यांचा आवाज, मग काकूच्या हातची भाकरी थापल्याचा, मग आजीचा. आजीचा आवाज दिवसभर पुरत असे. खाणं म्हणजे भाकरी, ठेचा, कालवण, आणि थंडीत हुलग्याचं माडगं. मला ते मुळीच आवडत नसे. आता मुलगी ते 'हेल्दी' म्हणून महाग पाकिटातून आणते आणि मी मुकाट्याने पिते.

बाबा आले की घराचा वास बदलायचा. त्यांची काळी पत्र्याची पेटी ओसरीवर उतरली की बूटपॉलिश, डांबराच्या गोळ्या आणि कॅन्टीनचा साबण यांचा मिळून एक वास येई. पेटीवर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर आणि नाव. बाबा चुलीपाशी बसून स्वतः चहा करायचे, साखर सढळ, आणि पहिला मग आईला द्यायचे. हे पाहून आजी कपाळाला हात लावी. "फौजंनं बाईलवेडा केला माझा ल्योक," असं ती शेजारणीला सांगे, पण त्या चहातला अर्धा कप तीही पिई.

आई बाबांचं नाव घेत नसे. तेव्हा कोणतीच बाई घेत नसे, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणत. पण आईचं सोवळं जरा जास्तच कडक होतं. बाबांचं नाव किसन, म्हणून गोकुळाष्टमीच्या पाळण्यातसुद्धा ती तेवढा शब्द गिळायची, आणि बाकीच्या बायका मुद्दाम थांबून तिच्या तोंडाकडे बघायच्या. सूट फक्त उखाण्यात. आमच्याकडे उखाणा म्हणजे नाव घ्यायचा परवानाच. एका संक्रांतीला बाबांची सुट्टी नामंजूर झाली होती, तेव्हा बायकांनी आग्रह केल्यावर आईने स्वतः रचलेला उखाणा घेतला होता:

"पलटणीच्या गाडीला हिरवा पडदा,
किसनरावांचं नाव घेते, सुट्टी मिळू दे अवंदा."

बायका हसून लोळल्या. कुणीतरी तो बाबांना पत्रातून कळवला, तर त्यांनी पलटणीत सगळ्यांना ऐकवला म्हणे, आणि सुट्टी खरंच मिळाली. आईला आयुष्यात तेवढा एकच उखाणा येत होता. दरवर्षी तोच.

मग बाबा गेले. लढाईत नाही. डोंगरात रसद घेऊन जाणारी पलटणीची गाडी बर्फावरून घसरून दरीत गेली, तीत ते होते. त्या दिवसांबद्दल मला फारसं लिहिता येत नाही. एवढंच आठवतं की ती काळी पेटी परत आली, आणि ती उघडल्यावर तोच वास आला, आणि आई पेटीत डोकं घालून बसली ती कितीतरी वेळ उठली नाही. काकूने तिला उठवलं. काकूबद्दल मी पुढे फारसं बोलणार नाही, म्हणून इथेच सांगते, बाई चांगली होती.

काही आठवडे गेले आणि एक दिवस सायकलवरून हवालदार शेख आले. स्वतः फौजेतून निवृत्त झालेले, आता पुण्याला माजी सैनिकांच्या आणि जवानांच्या विधवांच्या कामासाठी सरकारची जी कचेरी होती तिच्यात नेमणुकीला. त्यांचं कामच ते, गावोगाव जाऊन कोण जवान गेला, मागे कोण आहे, त्यांना काय मिळतं, काय मिळालं नाही, हे बघायचं. पुण्यापासून सायकल मारत आले होते, धुळीने पापण्या पांढऱ्या. त्यांनी आधी पाणी मागितलं नाही, आधी बाबांच्या फोटोला सलाम केला. मग आप्पांना म्हणाले, "मेजरसाहेबांनी बोलावलंय. फॅमिलीला समक्ष घेऊन या."

आप्पा म्हणाले, "आनतो की."

आणि आणलं. सगळ्यांना. आजी, काकू, मुलं, आई, मी, लांबच्या नात्यातला एक सोयरा, कारण त्याला कचेऱ्यांची माहिती होती. भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन आम्ही एस. टी.ने पुण्यात उतरलो आणि विचारत विचारत कचेरीत शिरलो. दाराशी टेबल टाकून एक कारकून बसले होते, त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. ते पुण्याचे होते हे सांगायला नको.

"मंगल कार्यालय पुढच्या चौकात आहे," ते म्हणाले. "हे सरकारी."

आप्पा गडबडले. "न्हाई, आमास्नी मेजरसाहेबांनी बलवलंय. फॅमिलीला घिऊन या म्हनले."

"मग आणलीत ना? छान. बसा. जागा कमी पडली तर अंगण आहे."

या गृहस्थांचा तेव्हा मला फार राग आला होता. पुढे त्यांनीच माझ्या प्रत्येक वर्षीच्या शिष्यवृत्तीसाठी शाळेत स्वतः खेटे घातले, आणि दर खेपेला "यंदा तरी पास झालीस का?" असंच विचारलं. पुण्यात माया अशीच करतात, याची सवय व्हायला वेळ लागतो.

कचेरीचे प्रमुख मेजरसाहेब उंच, एका पायाने किंचित लंगडत. आत बोलावल्यावर त्यांनी आमचा जथा बघितला, हसले नाहीत. खुर्ची आधी आजीला दिली. त्यांच्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, पांढऱ्या पातळातल्या, कपाळ मोकळं. जवानांच्या मुलींसाठी सरकारने वसतिगृह चालवलं होतं, त्याच्या त्या अधीक्षिका, आणि त्यांचेही यजमान लढाईत गेलेले. सगळे त्यांना बाई म्हणत.

"फॅमिली कोण?" साहेबांनी विचारलं.

"ही काय, समदी," आप्पा म्हणाले.

"नाईकांची फॅमिली?"

"व्हय जी. समदीच किसनाची मान्सं."

साहेबांनी हवालदार शेखांकडे पाहिलं. शेख म्हणाले, "साहेब, चूक माझी. मी फौजी भाषेत बोललो." आणि मग आप्पांना समजावून सांगितलं की फॅमिली म्हणजे जवानाची बायको. फॅमिली पेन्शन म्हणतात ती तिची. आप्पांचा चेहरा उतरला. मला त्यांच्याबद्दल आकस नाही. त्यांना खरंच वाटलं होतं की घरातला कर्ता म्हणून जे काही मिळेल ते त्यांच्या हाती येईल आणि ते सगळ्यांच्या ताटात वाढतील. कदाचित वाढलंही असतं. पण माझी शाळा चौथीनंतर बंद व्हायची होती, हेही तितकंच खरं. आमच्या घरातल्या कुठल्या मुलीची त्यापुढे गेली नव्हती आणि म्हशी वाढल्या होत्या.

साहेब म्हणाले, "मुलीला वसतिगृहात घेता येईल. राहणं, जेवण, शाळा, सगळं सरकारकडून. आणि बाईंना स्वयंपाकघरात एक माणूस हवं आहे, तर आईलाही तिथेच काम आणि खोली मिळेल. विचार करून सांगा."

"इचार झाला," आप्पा म्हणाले. "आमच्या घरातली बाई लोकाच्या चुलीवर जानार न्हाई. पोरगी बी घरीच ऱ्हाईल."

"मी फॅमिलीला विचारलं," साहेब शांतपणे म्हणाले.

आता आईकडे सगळे बघू लागले. आई भिंतीकडे तोंड करून उभी होती. उद्धटपणा नव्हता तो, थोरल्या दिरासमोर ती कधी तोंड उघडत नसे, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत आलेला. मी तिच्या निऱ्या धरून उभी होते आणि मला एवढं कळत होतं की आता ही बोलली नाही तर आपण भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन परत जाणार, आणि मग सगळं संपलं. साहेब तिला म्हणाले, "ताई, रीत म्हणून तुमच्या तोंडून ऐकावं लागतं. तुमचं नाव सांगा आणि यजमानांचं."

"हौसा," आई भिंतीला म्हणाली.

"आणि यजमानांचं?"

आई गप्प. आप्पांनी तोंड उघडलं, साहेबांनी हाताने थांबवलं. दारातून कारकून म्हणाले, "नाव माहीत नाही का?" आणि साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते दारातून दिसेनासे झाले. आईच्या हाताची मूठ माझ्या खांद्यावर आवळली होती. बाबा गेल्यापासून तिने ते नाव उच्चारलेलं नव्हतं. रडतानासुद्धा नाही. आमच्या सगळ्यांच्या लेखी बाबा गेले होते, पण आई अजून त्यांचं आयुष्य राखत होती, हे मला आज समजतं. नाव घेतलं की आयुष्य कमी होतं ना. मग सरळ नाव घेणं म्हणजे आता कमी व्हायला काही उरलं नाही, हे तिने स्वतःच्या तोंडाने कबूल करणं झालं असतं.

साहेबांना यातलं काही कळलं नसावं. बाईंना कळलं. त्या उठून आईपाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "संक्रांतीला घेत होतीस ना? तसं घे."

आजी खुर्चीतून उसळली. "रांडमुंड बाई उखाणा घेती व्हय? काय तरी बोलनं!"

"मी घेते, आजी," बाई म्हणाल्या. "दर वर्षी घेते. माणूस गेला म्हणून नाव कुठे जातं?"

बाहेरच्या बाकांवर पेन्शनीच्या कामासाठी आलेले म्हातारे जवान बसले होते, ते वळून आत बघू लागले. आईने पदर थोडा मागे सारला आणि तिला येत होता तो एकुलता एक उखाणा सुरू केला.

"पलटणीच्या गाडीला हिरवा पडदा..."

आणि तिथेच थांबली. थांबणारच होती. त्याच गाडीने बाबा गेले होते. आणि पुढच्या ओळीत सुट्टी मागायची होती, ती आता कोणत्या साहेबाकडे मागायची? आजीने तोंडात पदर कोंबला. मला वाटलं आई खाली बसणार. ती बसली नाही. ती भिंतीकडून वळली, आप्पांसमोर, साहेबांसमोर, आणि तिने ओळ पुरी केली:

"किसनरावांची फॅमिली मी, हजर हाय सदा."

नंतर कितीतरी उखाणे ऐकले, कवितासुद्धा पुष्कळ वाचल्या, पण एवढ्या थोड्या शब्दांत एवढं काम झालेलं मी पुन्हा पाहिलं नाही. साहेब उभे राहिले. त्यांना पायामुळे उठायला वेळ लागे, तरी उभे राहिले. मग दाराकडे बघून म्हणाले, "शेख, लिहून घ्या. फॅमिली हजर आहे." हवालदार शेखांनी लिहिलं. त्यांची मान खाली होती.

"आता सांगा ताई, तुमचं म्हणणं काय?"

"पोरीला शाळंत घाला," आई म्हणाली. "मला भाकऱ्या येत्यात."

आप्पा काही म्हणणार होते, पण बोलली आजी. ती खुर्चीतून उठली, काकूच्या हातून भाकऱ्यांचं गाठोडं घेतलं आणि आईच्या हातात दिलं. "ठिव," ती म्हणाली. "शहरात काय घालत्यात खायला, कुनाला ठावं." परतीच्या एस. टी.त बाकीची फॅमिली उपाशी गेली असणार. साहेबांनी आजीसाठीही काय करता येईल ते पाहिलं, पण तिची आठवण निघाली की मला ते गाठोडंच दिसतं.

वसतिगृहात घंटेवर सगळं चाले. उठायची घंटा, प्रार्थनेची, जेवणाची, अभ्यासाची. सुरुवातीला मला ती घंटा शत्रूसारखी वाटे, नंतर सुट्टीत गावी गेल्यावर तिच्याशिवाय भूकच लागेना. आमटी पातळ असे. रविवारी शिरा. सणाला पोळ्या, आणि त्या आई करी, म्हणून त्या दिवशी माझा भाव वधारलेला असे. सगळ्या मुलींचे वडील फौजेतले, कुणाचे निवृत्त, कुणाचे सीमेवर, कुणाचे नाहीतच. पण "तुझे वडील काय करतात?" हा प्रश्न तिथे कुणी कुणाला विचारत नसे, कारण उत्तर सगळ्यांचं एकच होतं. बाहेरच्या शाळेत मी बिचारी होते. वसतिगृहात मी नुसती नंदा होते, आणि गणितात बरी.

संक्रांतीला बाई अधीक्षिकेच्या खोलीत हळदीकुंकू करत. बोलावणं ज्यांना बाहेर कुणी बोलावत नसे त्यांना आधी. जवानांच्या विधवा लांबून यायच्या, शिवणकाम शिकायला येणाऱ्या, नुकतंच माणूस गमावलेल्या, भिंतीला टेकून बसणाऱ्या. हळद लागे, तीळगूळ मिळे आणि प्रत्येकीला नाव घ्यावंच लागे. पहिल्यांदा आलेली बाई बहुतेक रडायची. मग बाई म्हणायच्या, "हौसाबाई, तुमचं घ्या." आई पोळपाट बाजूला ठेवून हात पुसत यायची आणि तीच ओळ म्हणायची. ती ऐकून दुसरी सुरू करायची. त्या खोलीत मी जितकी मेलेली माणसं नावानिशी जिवंत झालेली ऐकली, तितकी कुठल्या देवळातही ऐकली नाहीत.

सरकारला नावं ठेवणं हा पुणेकराचा सकाळच्या चहाबरोबरचा उद्योग आहे आणि मी त्यात मागे नाही. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीसमोरच्या खड्ड्यावर मी अर्धा तास बोलू शकते. पण माझ्यासाठी सरकार म्हणजे सायकलवरून आलेला धुळकट हवालदार, खुर्ची आधी आजीला देणारा साहेब, आणि उखाणा घे म्हणणारी बाई. नियम सगळ्यांना सारखेच होते, तेच नियम वापरून माणसाला हाकलूनही देता येतं. त्या लोकांनी ते आमच्या बाजूने वापरले. मी पुढे गणित शिकवलं, आयुष्यभर, आणि वर्गात मागे बसणारी मुलगी दिसली की मला भिंतीकडे तोंड करून उभी असलेली आई दिसे. त्या मुलीला मी फळ्यापाशी बोलवायची, वेळ लागला तरी थांबायची.

आई आता माझ्याकडे असते. वय झालंय, कान गेलेत, जीभ शाबूत आहे. उखाणा सोडला तर बाबांचं नाव तिने अजूनही कधी सरळ घेतलेलं नाही. मी एकदा विचारलं होतं, "आई, आता कसली भीती? आता कुठलं आयुष्य कमी व्हायचंय?" ती म्हणाली, "तुला काय ठावं," आणि भाजी निवडू लागली.

पेन्शन चालू राहायची तर दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण जिवंत आहोत हे सरकारला सांगायचं. आई त्यासाठी इस्त्रीचं पातळ नेसून स्वतः जात असे, कारण समक्ष हजर राहायचं असतं हे तिला पक्कं ठाऊक. यंदा तिला चालवेना. माझी मुलगी सायली हिंजवडीला कामाला आहे, ती म्हणाली, "आजी, डोंट वरी, फोनवर होतं आता. फेस स्कॅन." तरी आई इस्त्रीचंच पातळ नेसली. केस विंचरून घेतले. सायलीने फोन तिच्यासमोर धरला आणि सांगितलं, "आता नुसतं डोळे मिचकाव. बास."

"नाव कवा इचारनार?" आईने विचारलं.

"नाव नाही विचारत गं. फक्त चेहरा बघतात."

"मग त्यास्नी कळनार कसं, मी कुनाची?"

"त्यांच्याकडे सगळं आहे, आजी. तू फक्त ब्लिंक कर."

आईला ते पटलं नाही. तिने सायलीचा हात धरून फोन आणखी जवळ आणला, डोक्यावरचा पदर मागे सारला, आणि पलीकडे कुणीतरी उभं असल्यासारखं त्या काचेकडे सरळ पाहिलं.

"किसनरावांची फॅमिली," ती म्हणाली. "हजर हाय."

आणि मग डोळे मिचकावले.